अर्धा इंच

आमचं जेवणाचं टेबल गोल नाही, हे कळायला मला सहा वर्षं लागली.

त्याच्यावर घालायला कापड शिवायचं होतं म्हणून टेप लावली. एका बाजूने बरोबर चार फूट भरलं, दुसऱ्या बाजूने साडेसत्तेचाळीस इंच. टेप सरकली असेल म्हणून मुलीला हाक मारली, तिला दुसरं टोक धरायला लावलं आणि पुन्हा मोजलं. तेच. मग सगळीकडून मोजत फिरले. लाकडाच्या रेषा ज्या दिशेने धावतात त्या दिशेला चार फूट, रेषांना आडवं मोजलं की अर्धा इंच कमी. सुताराच्या मापात चार सूत. नुसत्या डोळ्यांना हा फरक अजिबात दिसत नाही.

तीनशे वर्षांपूर्वी हाताने कापलेलं, तेव्हा थोडं उणंअधिक व्हायचंच, अशी मी समजूत करून घेतली. ती साफ चुकीची होती आणि ज्याने ते कापलं त्याच्यावर अन्याय करणारी होती. त्याने ते गोलच कापलं होतं. लाकूड लांबीला जवळजवळ आटत नाही, रुंदीला आटतं. हवेत ओल असली की फुगतं, हवा कोरडी झाली की पुन्हा आक्रसतं. पावसाळ्यात आपल्याकडे दार चौकटीत अडकतं आणि दिवाळीनंतर आपोआप सैल होतं, ते यामुळेच. इतक्या हिवाळ्या-उन्हाळ्यांच्या फुगण्या-आटण्यात आमच्या टेबलाने रुंदीला अर्धा इंच सोडून दिला. जुन्या फर्निचरचे व्यापारी जुनं म्हणून विकायला आलेलं गोल टेबल पाहिलं की आधी टेप काढतात. अखंड लाकडाचं टेबल दोन्ही बाजूंनी काटेकोर सारखं भरलं, तर त्यांना त्याच्या वयाची शंका येते.

हे टेबल मी इथे इंग्लंडमध्ये, यॉर्कशायरमधल्या लीड्सजवळच्या एका लिलावात घेतलं, एकशे चाळीस पौंडांना. नव्या, भुसा दाबून केलेल्या टेबलालाही त्याहून जास्त पैसे पडले असते. इंग्लंडमध्ये जुन्या गडद लाकडी सामानाला व्यापारी लोक सरसकट 'ब्राउन फर्निचर' म्हणतात, आणि गेली वीस-पंचवीस वर्षं त्याला भाव नाही. घरं लहान झाली, लोकांना पांढरं आणि हलकं सामान हवंसं झालं. आजी-आजोबांच्या घरातली टेबलं लिलावाला येतात आणि कधीकधी बोलीच लागत नाही. मला ते बघवत नाही. त्या दिवशी मी टेबल घ्यायला गेलेही नव्हते. हात वर केला आणि बाकी कुणी केला नाही, इतकंच.

याला गेटलेग म्हणतात. मधली फळी हातभर रुंद, तिच्या दोन्ही अंगांना अर्धगोल झडपा, आणि झडपा पेलायला खाली दोन फाटकं. खरोखरची फाटकं, एका उभ्या दांड्यावर फिरणारी. फाटक बाहेर ओढलं की झडप त्याच्यावर टेकते, आत ढकललं की झडप खाली लोंबते आणि सगळं टेबल भिंतीशी उभं राहतं. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये अशी टेबलं घरोघर झाली. त्याआधी मोठ्या दालनात एकच लांब फळी लाकडी घोड्यांवर टाकून सगळा वाडा एकत्र जेवायचा. मग मालकमंडळी आपल्या खोलीत वेगळी जेवू लागली, आणि त्या लहान खोलीत जेवण झालं की बाजूला होणारं टेबल हवं झालं. माझी आई सांगलीहून आली तेव्हा तिने दोनदा फाटक उघडून-मिटून पाहिलं आणि 'फाटकाचं टेबल' असं त्याचं नाव ठेवून टाकलं. आम्ही सगळे आता तेच म्हणतो.

पाय कातीव आहेत, पण सगळीकडून नाहीत. जिथे जिथे आडवी पट्टी येऊन मिळते तिथे पाय चौकोनी सोडलाय, आणि दोन चौकोनांच्या मधे कातून त्याला मण्यासारखे फुगीर-बारीक आकार दिलेत. चौकोन सोडायचं कारण सांधा. खाच पाडायला आणि तिच्यात पट्टीचं कोरलेलं टोक, म्हणजे कुसू, घट्ट बसायला सपाट अंग लागतं. हे पाय कातणारा एक आणि सांधे करणारा दुसरा असण्याचीच शक्यता जास्त. इंग्लंडमध्ये या कामांच्या हद्दी फार कडक होत्या. लंडनमध्ये सुतार आणि सांधेकाम करणारे जॉइनर यांचा तंटा इतका पेटला की १६३२ साली तो शहराच्या आल्डरमनांपुढे, म्हणजे ज्येष्ठ नगरसेवकांपुढे, गेला. निवाडा असा झाला की खाच-कुसवाचं, सरसाने (कातड्या-हाडांच्या गोंदाने) जोडायचं काम जॉइनरांचं. कातारी तर त्याहून वेगळे, त्यांचा संघही वेगळा. मला हा निवाडा नुसता व्यापारी भांडणाचा वाटत नाही. खाच आणि कुसू म्हणजे कुणीही उठून करावं असं काम नाही, याची ती सरकारी कबुली होती.

आमच्या टेबलाच्या सांध्यात सरसही नाही. पायात खाच, पट्टीच्या टोकाला कुसू, आणि दोन्हींमधून आरपार गेलेली ओकची खुंटी. खुबी त्या भोकांत आहे. पायातलं भोक आणि कुसवातलं भोक एकासमोर एक पाडतच नाहीत. कुसवातलं भोक मुद्दाम अर्धा सूत खांद्याकडे, म्हणजे कुसू पट्टीतून जिथे सुरू होतो तिकडे, सरकवतात. मग निमुळती, चांगली वाळलेली खुंटी ठोकली की ती त्या वाकड्या वाटेने जाताना कुसवाला खाचेत ओढून घेते. पायाचं लाकूड पुढे जसजसं आटतं तसतसं ते खुंटीला आणखी आवळतं. म्हणजे लाकूड आटणार हे कारागिराने धरूनच चाललेलं. त्याने लाकडाच्या त्या आटण्यालाच कामाला लावलं.

हे सगळं मला उशिरा समजलं, आणि फार वाईट रीतीने समजलं.

एक झडप थोडी खाली झुकायची. पाण्याचा पेला ठेवला तर हलायचा. मी ते टेबल दुरुस्तीला एका दुकानात दिलं. त्यांनी आठवड्यात परत आणून दिलं, छान घट्ट झालेलं. झडपेच्या खालून, रेषांना आडव्या, दोन जाड पट्ट्या बसवल्या होत्या, भरपूर गोंद लावून आणि वर दहा-दहा स्क्रू मारून. मी खूश होते. ऑक्टोबरअखेर घरात हीटिंग सुरू झालं. डिसेंबरच्या एका रात्री खालून कडकन आवाज आला. वाळकी फांदी मोडावी तसा. खाली येऊन दिवा लावला तर झडपेला काठापासून आत वीतभर लांब फट पडली होती. मी तिच्यावर हात ठेवून तशीच उभी राहिले. तीनशे वर्षं जे शाबूत होतं ते माझ्या घरात, मीच करवून घेतलेल्या कामामुळे फुटलं, हे मनातून जाईना.

ज्यांनी ते पुढे नीट केलं ते गृहस्थ तेव्हाच निवृत्त झालेले होते. आयुष्यभर जुनं फर्निचर दुरुस्त केलेला माणूस. मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणायचे. आले, टेबलाभोवती एक फेरी मारली, आणि बोटांनी वरून हात फिरवायला लागले. "हे बघ, लव्ह," म्हणाले. यॉर्कशायरची म्हातारी माणसं ओळखी-अनोळखी सगळ्यांनाच लव्ह म्हणतात. माझी बोटं धरून त्यांनी फळीवर एका जागी टेकवली. फळी खालच्या चौकटीला जिथे लाकडी खुंट्यांनी जखडली आहे तिथे त्या खुंट्यांची डोकी पृष्ठभागाच्या किंचित वर आलेली लागतात. मला ती रोज पुसताना लागायची आणि मी त्यांना डाग समजायचे. खुंटी लांबीत आटत नाही, फळी जाडीत आटते. म्हणून फळी खाली गेली आणि खुंटी होती तिथेच राहिली.

मग आम्ही दोघांनी टेबल उलटं केलं. ओकचं वजन काय असतं ते तेव्हा खांद्यांना कळलं. उलटं केल्यावर दिसलं ते मी अजून विसरले नाही. खालच्या अंगाला रंधा जेमतेम फिरलेला. लाकूड करवतीने कापलेलं नव्हतंच, ओंडक्यात पाचर घालून फाडलेलं होतं. मध्यापासून सालीकडे असं फाडलं की ओकच्या पोटातल्या किरणांसारख्या रेषा उघड्या पडतात आणि फळीवर चंदेरी झळक येते. दिसायला सुंदर, पण त्याहून मोठा लाभ असा की अशी फळी रुंदीला निम्मीच आटते आणि वाकत नाही. बिजागऱ्या लोखंडी, घडवलेल्या, आणि त्यांचे खिळे आरपार ठोकून पलीकडे दुमडलेले. प्रत्येक खिळ्याभोवती निळसर काळा डाग. ओकच्या लाकडात टॅनिन असतं, लोखंडाशी गाठ पडली की ते काळं होतं. हिरड्याच्या पाण्यात हिराकस टाकून आपल्याकडे शाई करायचे, तीच ही शाई, इथे लाकडाने आपली आपण केलेली. आणि सांध्यांपाशी पटाशीने मारलेल्या बारीक खुणा, एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. कुठला कुसू कुठल्या खाचेत जायचा ते चुकू नये म्हणून. त्या माणसाच्या हातचं एवढंच लिखाण आमच्याकडे आहे.

आजोबांनी त्या दोन पट्ट्यांचे स्क्रू एकेक करून काढले. गोंद निघायला मात्र दोन दिवस लागले. काम करताना ते फारसं बोलत नसत, पण एकदा म्हणाले, "ज्याने हे घट्ट केलं त्याने काम चोख केलंय. म्हणूनच फुटलं." आडवी पट्टी लांबीला आटत नाही, झडप रुंदीला आटते, आणि दोघींना एकमेकींशी जखडलं तर कुणाला तरी फुटावंच लागतं. पट्ट्या मजबूत होत्या, झडप फुटली.

मला वाटलं, आता लगेच फट भरतील. त्यांनी वर्षभर हात लावला नाही. खिशातलं व्हिजिटिंग कार्ड काढून दिलं आणि सांगितलं, दर महिन्याला फटीत घालून बघ आणि लिहून ठेव. जानेवारीत दोन कार्डं एकावर एक जायची. एप्रिलमध्ये एक. ऑगस्टमध्ये एकही जाईना, नुसता कागद कसाबसा. मी वहीत लिहीत गेले आणि लिहिता लिहिता माझा राग निवत गेला. त्या वर्षात मी यॉर्कशायर आणि आसपासची जुनी टेबलं बघत हिंडले.

ऑटली आमच्या घरापासून बसने जाण्याजोगं गाव. थॉमस चिपेंडेल तिथला, १७१८ साली जन्मलेला, सुतारांच्याच घरातला. लंडनला गेला, सेंट मार्टिन्स लेनमध्ये दुकान थाटलं, १७५४ मध्ये फर्निचरच्या नमुन्यांचं मोठं पुस्तक काढलं आणि त्याचं नाव सगळीकडे झालं. वेकफील्डजवळ नॉस्टेल नावाचा वाडा आहे. तिथे त्याने १७६७ मध्ये केलेलं लायब्ररीचं टेबल आहे, महोगनीचं, कोपऱ्यांवर सिंहाची तोंडं आणि खाली पंजे. बिल साडेबहात्तर पौंडांचं. चिपेंडेलने आपल्या कामावर नाव कधी घातलं नाही. कुठलं काम त्याचं ते आज ओळखतात ते बहुतेक अशा बिलांवरून. याच नॉस्टेलच्या बिलांत स्वयंपाकघरासाठी दिलेला एल्मचा एक ठोकळाही आहे, मांस तोडायचा. सिंहतोंडाच्या टेबलाइतकाच मला तो ठोकळा आवडला. एल्मचे रेषे एकमेकांत गुंतलेले असतात, घाव घातला तरी ते सहजी दुभंगत नाही. कुठल्या कामाला कुठलं लाकूड, हे ज्याला कळतं त्याच्या हातचा ठोकळासुद्धा तसाच असतो. वाड्याच्या मालकाकडून पैसे मात्र वेळेवर येत नसत, आणि चिपेंडेलची पत्रं उरलेल्या रकमेसाठी विनवण्या करतात. ती वाचून जीव तुटतो. पुढे त्याच्या मुलाचं, दुसऱ्या थॉमसचं, १८०४ मध्ये दिवाळं निघालं.

नॉस्टेलचं टेबल महोगनीचं, आमचं ओकचं. मधे काय झालं? १७२१ मध्ये पार्लमेंटने अमेरिका आणि वेस्ट इंडीजच्या वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात उठवली. त्यानंतर जमैकाची महोगनी इंग्लंडच्या बंदरांत उतरू लागली. ओक आणि अक्रोडाच्या वाट्याला कधी न आलेली रुंदी तिच्यात होती. टेबलाची अख्खी झडप एका फळीत निघायची. शिवाय ती आटायची फार कमी. कारागिरांना असं लाकूड म्हणजे देवाघरचं दान वाटलं असेल. पण ते तोडलं आणि नदीपर्यंत ओढलं ते आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी, जमैकात आणि होंडुरासच्या उपसागराकाठी. लँकेस्टरला गिलो घराण्याचं फर्निचर बघायला गेले तेव्हा हे मनातून हलेना. लँकेस्टर हे त्या काळी गुलामांच्या व्यापारातलं ब्रिटनचं चौथं बंदर. गिलोंचं काम अप्रतिम आहे, खणांच्या कडेला त्यांच्या नावाचा छोटा ठसा सापडतो, १८०० साली त्यांनी दुर्बिणीसारखं लांबत जाणाऱ्या जेवणाच्या टेबलाचं पेटंट घेतलं. खणाचे सांधे, कबुतराच्या शेपटीसारखे, टोकाला सुईइतके बारीक. मी ते बघत राहिले. आणि तरी त्या तांबूस, आरशासारख्या फळीला नुसतं सुंदर म्हणून पुढे जाववलं नाही.

एकोणिसाव्या शतकात लांबणाऱ्या टेबलांना ऊत आला. रॉबर्ट ज्यूपने १८३५ मध्ये तर गोल टेबल फिरवलं की त्याच्या पाकळ्या उमलून बाहेर सरकतील आणि मधे नव्या फळ्या घालता येतील, अशी रचना केली. माझ्या एका मैत्रिणीकडे साधं व्हिक्टोरियन टेबल आहे, टोकाला हँडल घालून फिरवायचं, आत लांब स्क्रू असतो, टेबल दुभंगत जातं. इंग्रजीत मधल्या जोडफळीला 'लीफ' म्हणतात, म्हणजे पान. गणपतीत ती त्याची सगळी पानं घालते आणि त्यांच्यावर आपली पानं मांडते.

पुढच्या वर्षी मे महिन्यात आजोबा पुन्हा आले. माझी वही त्यांनी सावकाश वाचली. मग पिशवीतून जुन्या ओकची एक कातळी काढली, कुठल्याशा मोडक्या पलंगाची असावी, आणि पटाशीने तासत तासत ती कागदाइतकी बारीक पाचर केली. सरस ते घरूनच भिजवून आणायचे. पाण्याच्या भांड्यात छोटं भांडं ठेवून तापवला तेव्हा स्वयंपाकघरात तो उग्र, चामड्याचा वास भरला. माझ्या आजोळच्या गल्लीत सुताराच्या पडवीत हाच वास असायचा. मी पस्तीस वर्षांनी तो घेतला. नवा गोंद इतका मजबूत मिळत असताना सरस का, असं मी विचारलं. म्हणाले, "सरस गरम पाण्याने सुटतो. माझं काम चुकलं असेल तर माझ्यानंतरच्याला ते काढता आलं पाहिजे." पाचरीच्या एकाच बाजूला त्यांनी सरस लावला. दुसरी बाजू कोरडी ठेवली. झडपेला उन्हाळ्यात फुगायला आणि हिवाळ्यात आटायला तेवढी वाट.

शेवटी रंग जुळवायचा होता. त्यांनी एका बाटलीतून तपकिरी, काचेसारखे चमकणारे पापुद्रे ओतले आणि स्पिरिट घातलं. मी पापुद्रा उचलून उजेडात धरला. चपडा! पळसाच्या, कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचे किडे जे पुटं चढवतात, त्याचा. "इंडिया," आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले. १८२० च्या सुमाराला इंग्लंडमध्ये फ्रेंच पॉलिशची पद्धत रुळली. तेव्हापासून तिथल्या चकाकत्या टेबलांवर ही लाख आहे, आणि ती मुख्यतः छोटा नागपूरच्या जंगलातून कलकत्त्यामार्गे जायची. आमचं टेबल त्याच्याही आधीचं, मेणावर वाढलेलं. पण मधल्या कुणीतरी एका काळी त्याच्यावर लाख चढवली होती आणि ती अजून कोपऱ्याकोपऱ्यांत आहे. आजोबांनी कापसाच्या गुंडीवर कापड गुंडाळलं, दोन थेंब तेल घेतलं, आणि त्या वीतभर पाचरीवर गोल गोल हात फिरवत तासभर बसले.

खालच्या आडव्या पट्ट्या मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत. जेवताना लोक दगडी फरशीच्या गारव्यापासून पाय वर घेऊन त्यांच्यावर ठेवायचे. माझी मुलगी अभ्यासाला बसली की तिचे पाय नेमके त्याच खोलगटात जातात. तिला कुणी सांगितलेलं नाही.

वही अजून चालू आहे. परवा हीटिंग सुरू केलं. आज ४ नोव्हेंबर. पाचरीच्या कोरड्या बाजूला कागद जातो, कार्ड अजून जात नाही.